तक्ता फाडा, सेट ठेवा

पत्र:

‘नमस्कार. माझं वय ५१. तीन वर्षांपूर्वी हॅम (हौशी) रेडिओची परीक्षा दिली, परवाना आणि कॉलसाइन, म्हणजे हवेवरची ओळख, मिळाली. सेट घेतला, घरावरून एक तार ताणली आणि संगणक जोडून एफटी८ या डिजिटल पद्धतीवर दोन वर्षांत शंभर देशांशी संपर्क पूर्ण केले. शंभरावा झाला त्या रात्री आनंद व्हायला हवा होता. मी सेट बंद केला आणि पुढे चार महिने लावलाच नाही. मग वाटलं, मोर्स शिकावी. टिंब-रेघांचा तक्ता पाठ केला, मिनिटाला आठ शब्दांपर्यंत आले आणि तिथेच अडकले. नऊ केले की सगळं विस्कटतं. मोर्स पाठवायची ‘की’ हातात घेतली की बोटं थरथरतात, कुणीतरी ऐकत असेल या विचारानेच. ओळखीचे म्हणतात, मोर्स कधीच मेली, या वयात कशाला? खरंच उशीर झाला का? सेट विकून टाकू का? – आठ शब्द.

ता. क. माझी स्वतःची कॉलसाइन पाठवतानाही मी दर वेळी मधेच चुकते.’

प्रिय ‘आठ शब्द’,

सस्नेह नमस्कार.

सेट विकू नका. निदान वर्षभर तरी नाहीच. त्याऐवजी तो तक्ता भिंतीवर असेल तर काढा, वहीत असेल तर ते पान फाडा. आठ शब्दांवर तुम्हाला वयाने अडवलेलं नाही आणि बोटांनी तर नाहीच नाही. तुम्हाला त्या तक्त्याने अडवलंय. ते कसं, हे सविस्तर सांगतो. पण आधी त्या शंभराव्या रात्रीबद्दल बोलू या.

पत्रातलं ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. एफटी८ ला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. २०१७ साली ती पद्धत आली. तिच्या दोन निर्मात्यांपैकी एक जो टेलर, १९९३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी आणि स्वतः हॅम. पंधरा-पंधरा सेकंदांच्या फेऱ्या, आणि कानाला नुसती खरखर ऐकू येत असताना तिच्या पोटातून संदेश वेचून काढणारं गणित. विलक्षण काम आहे ते. पण तिथे ऐकतो तो संगणक. तुमच्या वाट्याला पडद्यावरची ओळ येते आणि तिच्यावर टिचकी मारणं येतं. शंभर देशांशी तुमच्या सेटचा संपर्क झाला, पण तुमच्या कानांनी त्यातला एकही देश ऐकला नाही. त्या रात्री रितं वाटलं ते स्वाभाविक होतं. मोजण्याचा छंद आकडा पुरा झाला की संपतो. ऐकण्याच्या छंदाला असा आकडा नसतो, म्हणून तुम्हाला मोर्स शिकावीशी वाटली याचा मला मनापासून आनंद झाला.

आता तक्ता. ‘डा-डिट-डा’ ऐकू येतं. तुम्ही मनात म्हणता, रेघ, टिंब, रेघ. मग डोळ्यांपुढे तक्ता उभा राहतो, त्यात ती खूण शोधता, तिच्याशेजारी ‘के’ दिसतो आणि तो लिहिता. तोवर पुढचं अक्षर येऊन गेलेलं असतं. मिनिटाला पाच-सात शब्दांपर्यंत ही कसरत निभावते, कारण दोन अक्षरांमध्ये तेवढी सवड असते. आठ-दहाच्या घरात ती सवड संपते.

वेगाचा हिशेब साधा आहे. मोर्समधला एक शब्द मोजायला ‘पॅरिस’ हा शब्द धरतात. रेघ तीन टिंबांएवढी लांब, एकाच अक्षरातल्या दोन खुणांमधली फट एका टिंबाएवढी, दोन अक्षरांमधली तीन टिंबांची आणि दोन शब्दांमधली सात. असं सगळं मिळून ‘पॅरिस’ बरोबर पन्नास टिंबांचा भरतो. म्हणजे मिनिटाला वीस शब्दांच्या वेगात एक टिंब साठ मिलिसेकंदांचं. एवढ्या वेळात मोजणं कुणालाच शक्य नाही. चाळीस शब्दांच्या वेगाने निवांत गप्पा मारणारे उस्तादही मोजत नाहीत. त्यांना सरळ ‘के’ ऐकू येतो. शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारली की तुम्हाला तुमचं नाव ऐकू येतं, त्यातली अक्षरं तुम्ही जुळवत बसत नाही, तसंच.

आपण मराठी माणसांना हे खरं तर सहज समजायला हवं. शाळेत वृत्तं शिकताना ‘यमाताराजभानसलगा’ घोकलं असेल. लघु आणि गुरू, तीन-तीन अक्षरांचे आठ गण. मोर्समध्ये तीन खुणांची अक्षरं नेमकी आठच आहेत, आणि ती म्हणजे हेच आठ गण आहेत. य गण लघु-गुरू-गुरू, म्हणजे डिट-डा-डा, म्हणजे ‘डब्ल्यू’. म गण ‘ओ’, त गण ‘जी’, र गण ‘के’, ज गण ‘आर’, भ गण ‘डी’, न गण ‘एस’, स गण ‘यू’. मात्रांचा हिशेब थोडा निराळा आहे, वृत्तातला गुरू दोन मात्रांचा आणि इथली रेघ तीन टिंबांची, पण घडण तीच. एसओएस म्हणजे न-म-न. नमन! (ते वाजवताना मात्र अक्षरांमध्ये फट सोडत नाहीत, नऊ खुणा सलग येतात.) भुजंगप्रयाताचा एक चरण म्हणजे ओळीने चार ‘डब्ल्यू’. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी अर्धा तास खोलीत फेऱ्या मारत गण म्हणत होतो.

आता मला सांगा, भुजंगप्रयात चालीत म्हणताना तुम्ही लघु-गुरू मोजता का? चाल आधी कानात बसलेली असते. गण पाडणं हा नंतरचा, परीक्षेपुरता उद्योग. मोर्सचा तक्ता तुम्हाला गण पाडायला बसवतो, आणि तुम्हाला तर चाल हवी आहे.

चाल बसवण्याची रीत १९३० च्या दशकातच सापडली आहे. लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाची ती रीत. अक्षरं पहिल्या दिवसापासून पुऱ्या वेगात ऐकायची, पण दोनच. त्यांतली शंभरातली नव्वद बरोबर यायला लागली की तिसरं घ्यायचं, मग चौथं. बहुतेक ठिकाणी ‘के’ आणि ‘एम’पासून सुरुवात करतात. याला जोड म्हणून फार्न्सवर्थची युक्ती वापरा. अक्षर वीसच्या वेगात वाजतं, पण दोन अक्षरांमधली जागा ऐसपैस ठेवलेली असते. अक्षर झटक्यात येतं, म्हणून मोजता येत नाही, आणि पुढे विसावा असतो, म्हणून धांदल उडत नाही. ‘लर्न सीडब्ल्यू ऑनलाइन’ या मोफत संकेतस्थळावर हे सगळं तयार मिळतं. सीडब्ल्यू म्हणजे हॅमच्या भाषेत मोर्सच.

तुम्हाला पुन्हा दोन अक्षरांपासून सुरुवात करावी लागेल. हे जड जाईल, आधीच सांगून ठेवतो. सगळी अक्षरं येत असताना पहिलीत जाऊन बसल्यासारखं वाटेल, आणि डोळ्यांपुढे तो तक्ता येतच राहील. पंधरा-वीस दिवस चिकाटी ठेवा. एके दिवशी ‘के’ वाजेल आणि मधे कुठलंही चित्र न येता हात ‘के’ लिहून मोकळा होईल. एका अक्षराचं असं झालं की बाकीची त्याच वाटेने येतात.

सराव दिवसातून दोनदा करा, पंधरा-पंधरा मिनिटं. सुट्टीच्या दिवशी एकदम दोन तास बसू नका. थकलेला कान चुकीच्या सवयी फार लवकर उचलतो.

सरावात एक गोष्ट मुद्दाम शिकायची आहे, आणि बहुतेक जण तीच शिकत नाहीत: निसटलेलं अक्षर सोडून देणं. एक अक्षर हुकलं की मन तिथेच घुटमळतं, ‘काय होतं ते, एल की एफ?’ आणि तेवढ्यात पुढची तीन जातात. मी यात कित्येक महिने घालवले. मग एका जाणत्या ऑपरेटरने मला कागदावर रिकामी रेघ ओढून पुढे जायला लावलं. हुकलं की रेघ, हुकलं की रेघ. सुरुवातीला पान रेघांनीच भरायचं. पण रेघांमधली अक्षरं बरोबर असायची आणि शब्द आपोआप भरून निघायचा. बोलण्यातही आपण प्रत्येक अक्षर कुठे ऐकतो?

आठवर अडकणं संपलं तरी पुढे कुठेतरी पुन्हा अडकाल. मी तेरावर अडकलो होतो, जवळजवळ सहा महिने. रोज सराव, रोज तेरा. एका संध्याकाळी सेट मंद आवाजात लावून मी एक जुनी जोडणी सोडवत बसलो होतो, लक्ष सगळं तारांकडे. अचानक जाणवलं की दूरवरच्या एका अनोळखी माणसाकडे पाऊस पडतोय आणि त्याचा कुत्रा आजारी आहे, हे मला कळलंय. कागद नाही, पेन्सिल नाही. मी ‘ऐकत’ नव्हतो, म्हणूनच ऐकू आलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी पेन्सिल लांब ठेवू लागलो. तुम्हीही पंधरा-सोळा अक्षरं पक्की झाली की काही मिनिटं न लिहिता ऐका. छोटे शब्द आणि नेहमीची संक्षिप्त रूपं आख्खी ऐकू यायला लागतील. हवेवरच्या गप्पांतला शब्दसंग्रह तसा लहानच असतो: नाव, ठिकाण, सेट, अँटेना, हवामान, आभार. ही वळणं ओळखीची झाली की अनोळखी माणसाचं बोलणंही अर्धं आधीच ठाऊक असतं.

आता वयाचं. मोर्स हा वाढत्या वयाशी जमवून घेणारा छंद आहे. वयानुसार ऐकणं कमी होतं ते बहुधा वरच्या पट्टीतून. मोर्सचा सूर मात्र आपल्या मर्जीचा असतो, सहसा पाचशे ते सातशे हर्ट्झच्या दरम्यान, आणि तो खाली-वर करून ज्या पट्टीत तुमचा कान तल्लख आहे तिथे आणता येतो. माणसाचं बोलणं समजायला वरच्या पट्टीतले बारीक ध्वनी लागतात, मोर्सला एकच सूर पुरतो. गर्दीतलं बोलणं नीट कळेनासं झालेले वयस्क ऑपरेटर मोर्समध्ये तासन्‌तास रमलेले मला ठाऊक आहेत. एक्कावन्न हे तर शिकायला छानच वय आहे. विशीत मला धीर नव्हता.

थरथरणाऱ्या बोटांसाठी दोन गोष्टी. पहिली म्हणजे सध्या पाठवूच नका. पहिले दोन-तीन महिने फक्त कान. ज्याला शुद्ध लय ऐकायची सवय झालेली नाही त्याचा हात अशुद्ध लय पक्की करतो, आणि ती मोडणं नव्याने शिकण्यापेक्षा अवघड. दुसरी म्हणजे पाठवायला लागाल तेव्हा साध्या कीऐवजी पॅडल घ्या. साध्या कीवर प्रत्येक टिंब आणि प्रत्येक रेघ हाताने घडवावी लागते. पॅडलला दोन पाती असतात, एक दाबलं की टिंबं, दुसरं दाबलं की रेघा, आणि त्यांची लांबी कीयर नावाचा छोटा सर्किट अचूक सांभाळतो. हात थोडा कापला तरी टिंब टिंबच राहतं. साध्या कीचं सौंदर्य वेगळं, ते मी नाकारत नाही. तिच्यावर प्रत्येकाची ढब उमटते, आणि जुने लोक कॉलसाइन यायच्या आतच ‘हात’ ओळखतात. पण ते पुढचं. साधी की वापराल तेव्हा कोपर टेबलावर टेकवून मनगट सैल ठेवा. बोटांच्या टोकांनी टकटक केली तर दंड भरून येतो. पूर्वीच्या तारमास्तरांना तर या दुखण्याने कामातून उठवलं होतं.

एवढं झाल्यावर खऱ्या रेडिओकडे येऊ. सराव संगणकावर होईल, पण छंद सेटवरच जडेल. म्हणून आजपासून रोज दहा मिनिटं सेट लावा आणि नुसतं ऐका. मोर्स कळो न कळो.

१४.१०० मेगाहर्ट्झला लावा. जगभर विखुरलेली अठरा केंद्रं या एकाच ठिकाणी पाळीपाळीने आपला संकेत पाठवतात. प्रत्येकाला दहा सेकंद, म्हणजे तीन मिनिटांत एक प्रदक्षिणा पुरी. आधी कॉलसाइन येते, बावीस शब्दांच्या वेगात, आणि मग एकेका सेकंदाच्या चार रेघा. कॉलसाइन आणि पहिली रेघ शंभर वॅटवर, दुसरी दहावर, तिसरी एक वॅटवर, चौथी एक दशांश वॅटवर. सगळी केंद्रं रोज चालू असतात असं नाही, पण कुठल्याही दिवशी काही ना काही ऐकू येतंच. मी हे वर्षानुवर्षं ऐकतोय, तरी तिसरी रेघ ऐकू आली की अजूनही अंगावर काटा येतो. एक वॅट, म्हणजे छोट्या टॉर्चच्या दिव्याएवढी शक्ती, आणि ती अर्ध्या पृथ्वीवरून आली आहे!

ती येते कशी, ते ऐकता ऐकताच समजत जातं. जमिनीपासून साधारण साठ ते नव्वद किलोमीटरवर आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित पट्ट्याचा, डी थर असतो. दिवसा उन्हाने तो दाट होतो आणि खालच्या बँडचे, म्हणजे लांब लहरींच्या पट्ट्यांचे, संदेश शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि दोन-अडीचशे किलोमीटरच्याही वर असलेल्या एफ थरापर्यंत वाट मोकळी होते. तिथून संदेश वळून खाली येतो, जमिनीवरून किंवा समुद्रावरून उसळून पुन्हा वर जातो. म्हणून दुपारी चाळीस मीटर बँडवर फक्त जवळपासची स्टेशनं मिळतात आणि अंधार पडू लागला की तोच बँड लांब लांब उघडत जातो. संध्याकाळी तिथेच बसून राहा. आधी खरखर बदलते, मग कुठूनतरी एक क्षीण, किंचित थरथरता सूर वर येतो, मग दुसरा. पुस्तकातला पाठ तुमच्या कानासमोर घडत असतो. वहीत रोज तारीख, वेळ, बँड आणि काय ऐकू आलं ते लिहा. मी ऐकलेली सगळ्यांत दूरची स्टेशनं माझ्या वहीत आहेतच, पण मी वही उघडतो ती त्यांच्यासाठी नाही. अमुक ऋतूत अमुक वेळेला बँड कसा उघडायचा, ते पाहायला उघडतो.

त्यातच सूर्याचं साधारण अकरा वर्षांचं चक्र आहे. आताचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ च्या सुमाराला शिखरावर आलं. शिखराच्या काळात दहा आणि पंधरा मीटरचे वरचे बँड दिवसभर गजबजतात. उतरणीवर ते हळूहळू शांत होतात आणि मजा तीस-चाळीस मीटरवर येते. तुमची मोर्स पिकेल तेव्हा उतरण चालू असेल, आणि ते चांगलंच आहे. बँड दुबळा असतो तेव्हाच मोर्सचा कस लागतो. मोर्सचा संदेश जेमतेम दीडशे हर्ट्झ जागेत मावतो, बोलण्याला दोन-अडीच हजार लागतात. सगळी शक्ती त्या चिंचोळ्या फटीत एकवटल्यामुळे, बोलणं पोचत नाही तिथे मोर्स पोचते. पुढचं शिखर येईल तेव्हा तुम्ही साठीत असाल आणि दहा मीटरवर काय मिळतं ते तुमच्या कानांना अगदी नवं असेल.

पुढे कधी पाच वॅटवर खेळून पाहा. शंभर वॅटवरून पाचवर आलात की पलीकडच्या मीटरचा काटा सुमारे दोन एस-युनिटच (सिग्नलच्या जोराच्या दोन पायऱ्या) खाली येतो. एवढाच फरक! मोठ्या यंत्रासाठी खर्च करायचा मोह झाला तर हे आठवा आणि तो खर्च चांगल्या तारेवर आणि ती आणखी उंच बांधण्यावर करा.

‘मोर्स कधीच मेली’ म्हणणाऱ्यांचं निम्मं खरं आहे. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांवर तिची सक्ती उरली नाही. फ्रेंच नौदलाने तर ३१ जानेवारी १९९७ लाच निरोप घेतला होता: सर्वांना हाक, कायमच्या मौनाआधीची ही आमची शेवटची आरोळी, अशा अर्थाचा तो संदेश होता. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने हॅमच्या परवान्यासाठी मोर्सची परीक्षा घ्यायची की नाही हे ज्या त्या देशावर सोडलं, आणि अनेक देशांनी ती काढून टाकली. कुणालाही शिकणं भाग नाही. पण नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्सची जागतिक स्पर्धा असते. त्या दोन दिवसांत बँडच्या खालच्या टोकाला सेट लावा. सुई ठेवायला जागा नसते. २००४ मध्ये मोर्समध्ये ई-मेलसाठी ‘ॲट’ची नवी खूणही आली, ‘ए’ आणि ‘सी’ जोडून केलेली. मेलेल्या लिपीत नवं चिन्ह कोण घालतं?

आणि हा उद्योग हौशी लोकांनी किती खोल नेला ते ओळखीच्यांना जरूर सांगा. शतकापूर्वी दोनशे मीटरहून आखूड लहरी निरुपयोगी समजून हौशी लोकांना देऊन टाकल्या होत्या. १८ ऑक्टोबर १९२४ ला त्याच लहरींवर न्यूझीलंडमधल्या मेंढपाळीच्या मळ्यावरचे फ्रँक बेल आणि लंडनच्या मिल हिल शाळेतला विद्यार्थी सेसिल गॉयडर एकमेकांशी मोर्समध्ये बोलले. जवळजवळ पृथ्वीच्या दोन टोकांवरून. शाळकरी मुलगा! त्याच्यापाशी होतं ते सगळं आज तुमच्यापाशी आहे, आणि सेट तर त्याच्याहून कितीतरी चांगला.

राहिली भीती. कुणी ऐकत असेल म्हणून बोटं थरथरतात ना? मग आधी माणूस नसलेल्या श्रोत्यांना ऐकवा. ‘रिव्हर्स बीकन नेटवर्क’मध्ये जगभरातली स्वयंचलित यंत्रं दिवसरात्र मोर्स ऐकत बसलेली असतात. तीन वेळा सीक्यू, म्हणजे ‘कुणीही उत्तर द्या’ ही हाक, आणि आपली कॉलसाइन पाठवा. एखाद-दोन मिनिटांत त्यांच्या नकाशावर दिसेल की तुम्ही कुठे कुठे ऐकू आलात आणि किती जोरात. यंत्राला तुमची कॉलसाइन बरोबर वाचता आली तर माणसाला येणारच. (एखादा माणूस उत्तर देऊन बसण्याची शक्यता आहे. दिलं तर द्या उत्तर.)

तुमच्या ताज्या कलमाचं उत्तरही यातच आहे. स्वतःच्या कॉलसाइनमध्ये तुम्ही अडखळता, कारण ती एकेक अक्षर आठवून पाठवता. ती अक्षरं विसरा. ती एक ओळ आहे, तिची चाल करा. जिना चढताना, भांडी घासताना, बस येईपर्यंत तोंडाने डिट-डा म्हणत राहा, पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत एका दमात. पंधरा दिवसांत ती हातात उतरेल. हवेवर सर्वांत जास्त वेळा हीच ओळ पाठवायची आहे, आणि गोंगाटातून परत ऐकू यायला हवी तीही हीच.

मग एखाद्या संथ सीक्यूला उत्तर द्या. नेहमी ज्या वेगात तुम्हाला ऐकता येतं त्याच वेगात पाठवा. समोरचा चांगला ऑपरेटर आपणहून त्या वेगावर उतरतो, हवेवरचा हा जुना शिष्टाचार आहे. नाही उतरला तर ‘क्यूआरएस पीएसई’ पाठवा, म्हणजे ‘कृपया हळू’. काही कळलं नाही तर ‘एजीएन’, म्हणजे ‘पुन्हा’. तीनदा मागितलं तरी कुणी रागावत नाही. आपला पहिला संपर्क कसा झाला होता ते कुठलाही मोर्सवाला विसरलेला नसतो. दोघांच्या कॉलसाइन आणि सिग्नलचा रिपोर्ट एकमेकांना बरोबर पोचला की संपर्क पुरा झाला. नाव निसटलं, गाव निसटलं, हवामान अर्धवट कळलं, तरी चालेल. ‘७३’, म्हणजे ‘शुभेच्छा’, पाठवा, सेट चालू राहू द्या, आणि वहीत तारीख आणि वेळ लिहा.

तुमचा स्नेहांकित